सायकलची बत्ती

आमच्या कृष्णाकाठी सायकल ही जुनी पाहुणी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि पुढं १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लोखंडी नांगर ज्यांच्या कारखान्यातनं आला त्यांचा पहिला धंदा सायकलीचा. पण मला सांगायचंय ते सायकलीबद्दल नाही, तिच्या दिव्याबद्दल. सायकलीचा इतिहास सांगणारे दिव्याला एखादी ओळ देतात. ज्यांना रात्रीची वाट तुडवावी लागली त्यांना ती ओळ अपुरी वाटेल.

आधी होती रॉकेलची बत्ती. ती हँडलाखाली अडकवायची. पुढं काच, वर धुराड्यागत टोपण, दोन्ही बाजूंना लाल-हिरव्या काचेचे टिकले. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीच्या अशा बत्त्या फार नावाजलेल्या. त्यानंतर कार्बाईडची. खालच्या डब्यात कार्बाईडचे खडे, वरच्या डब्यातनं थेंब थेंब पाणी. त्यातनं ॲसिटिलीन वायू निघायचा, तो पेटवायचा. उजेड पांढराशुभ्र, पण वास लसणासारखा उग्र. रॉकेलच्या बत्तीनं रस्ता फारसा दिसायचा नाही. आपण समोरच्याला दिसावं, एवढाच तिचा उपयोग. तेवढाही उजेड नसला तर शहरात हवालदार अडवायचा. "बत्ती कुठाय?" म्हणायचा आणि चाकाचा वॉल्व काढून खिशात टाकायचा. मग बाजाराचं ओझं कॅरिअरवर तसंच ठेवून सायकल ढकलत गावाकडं. म्हणून आमच्या गावची माणसं सांगलीला जाताना हँडलाला चक्क घरचा कंदील बांधून न्यायची.

या सगळ्याला डायनामोनं मागं टाकलं. बाटलीच्या आकाराचा, मूठभर जिन्नस. खटका दाबला की त्याचं दातेरी चाक टायरच्या अंगाला चिकटायचं. आतलं लोहचुंबक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यापाशी फिरायचं आणि दिवा लागायचा. फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधलेली गोष्ट, आमच्या मडगार्डाशेजारी बसलेली. सहा व्होल्ट, तीन वॅट, बस्स. ना सेल, ना रॉकेल. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये झालं, पण खांब आमच्या वस्तीपर्यंत यायला पुढं पुष्कळ वर्षं लागली. आमच्यातल्या कित्येकांनी विजेचा पहिला दिवा स्वतःच्या पायानं लावलाय. कारखान्याची रात्रीची पाळी सुटली की माळावरनं दिव्यांची माळ यायची, आणि गावांच्या फाट्याफाट्यावर तिचा एकेक मणी गळून जायचा.

त्याच्या खोडीही फार. तार एकच, परतीची वाट सायकलीच्या लोखंडातनं. रंगाचा थर मधे आला की दिवा बंद. मिस्त्री स्क्रूच्या टोकानं रंग खरवडायचा की पुन्हा चालू. मागचा बल्ब गेला की सगळा भार पुढच्यावर, मग उतारावर तोही फुटकन जायचा. पायडल जड लागायचं. चिखलात चाक घसरायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस थांबला की दिवा थांबला. ज्या जागी उतरून बघायला हवं, नेमकं तिथं अंधार.

१९७१ साली आक्काचं लग्न झालं. त्या काळी आमच्याकडं जावयाला घड्याळ आणि सायकल द्यायची, जमलं तर रेडिओ. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ सालचा होता, पण मांडवात तो कुणी आणला नव्हता. आबांनी सायकल आणली, हिरवी, नवी कोरी. दाजी मांडवातनं उठून बाहेर आले, सायकलीला एक फेरी मारली आणि खाटेवर जाऊन बसले. डायनामो नव्हता. "जावईबापू, अक्षता पडू द्या," म्हणून सगळ्यांनी विनवलं. दाजी बोलेनात. त्यांचे चुलते म्हणाले, "पोरगं रातपाळीला जातंय. बत्तीबिगर सायकल म्हंजे काय?" मला आजही वाटतं, मागणी खोटी नव्हती, पण ती मांडवात करायची नव्हती. आबांनी गोठ्यातली पाट तिथल्या तिथं एकाला विकली, तात्यांना तासगावला पिटाळलं. तात्या डायनामो घेऊन आले तेव्हा उन्हं कलली होती. आक्का बाशिंग बांधून तेवढा वेळ आत बसून होती. ती तेव्हा काही बोलली नाही, पण पुढची चार वर्षं त्या सायकलीला तिनं कधी फडका मारला नाही.

१९७५ च्या पावसाळ्यात तिचा पोरगा तापानं फणफणला. तो दीड वर्षाचा. डॉक्टर तासगावला, मधे ओढा. दाजींनी तिला पोरासकट मागं बसवलं. ओढ्यापाशी आले तर गुडघाभर पाणी, अमावस्येजवळची रात्र. उतरले आणि दिवा गेला. पाण्याखालचे दगड कुठं, खड्डा कुठं, काही दिसेना. दाजींनी चाचपून एक चपटा धोंडा शोधला, सायकलचा स्टँड चिखलात रुतू नये म्हणून त्याच्यावर ठेवला, हँडल ओढ्याकडं वळवलं आणि हातानं पायडल फिरवायला लागले. "जा आता. म्होरं बघून जा, माझ्याकडं वळू नगं." उजेडाच्या पट्ट्यातनं आक्का पोराला खांद्यावर घेऊन पलीकडं गेली. मग त्यांनी पायडल सोडलं, सायकल खांद्यावर घेतली आणि स्वतः अंधारातनं आले. आक्का सांगते, "त्येंचा पाय पाण्यात वाजायचा, तेवढंच कळायचं."

पोरगा वाचला. सायकल पुढं भंगारात गेली. फटफट्या आल्या, डायनामो दुकानांतनं हळूहळू दिसेनासा झाला. १९९३ मध्ये जपानात शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी साधला, त्यातनं पांढरा आला. आता बोटाएवढा दिवा मोबाईलच्या चार्जरवर भरतो आणि हँडलाला रबरानं अडकतो. शहरातल्या हौशी सायकलवाल्यांकडं वाट दाखवणारं, चढ मोजणारं यंत्रही असतं. चांगलंच आहे. फक्त आमच्याकडं लाईट गेलेली असली की तो दिवा भरायचा कशावर, हा प्रश्न उरतो.

तो पोरगा आता जर्मनीत असतो. सायकलनं कामावर जातो. परवा त्यानं आक्काच्या फोनवर सायकलचा फोटो धाडला; डायनामो पुढच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेला, टायरला घासणं नाही. तिथं २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामो कायद्यानंच लागायचा. त्यानं फोनवर हे सगळं हौसेनं समजावलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "थांबल्यावर दिवा ऱ्हातोय का रं?"

राहतो म्हणाला. चार-पाच मिनिटं.