गंजपेठेतून गेलेले एक निवेदन

दरवर्षी अकरा एप्रिलला आमच्या शाळेत महात्मा फुल्यांच्या फोटोला हार घातला जातो. दोन मुले पाठ केलेले भाषण म्हणतात. त्यांत मुलींची शाळा असते, सत्यशोधक समाज असतो. 1882 चे निवेदन मात्र कुणाच्याच भाषणात नसते. मला स्वतःलाही ते बी.एड. झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मिळाले. बी.एड.ला हंटर आयोग पाच मार्कांपुरता होता.

लॉर्ड रिपनने 1882 मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला आणि लोकांची मते मागवली. पुण्याच्या गंजपेठेतील जोतीरावांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी आपले निवेदन दिले. ते अगदीच सामान्य माणूस होते असे म्हणता येणार नाही, कारण तेव्हा ते पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. पण ना सरकारी नोकरी, ना विद्यापीठाची पदवी. स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी आणि शेतकरी अशीही दिली आहे. आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. ही गोष्ट मला फार आवडते. जेवढे पाहिले तेवढ्यावरच बोलायचे.

आणि बोलले काय? सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. म्हणून प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा. शिकवायचे काय, तर मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य आणि नीतीचे धडे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, गरज पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा. पगार 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात 15 ते 20 असावा. गावात शिक्षकाचे वजन वाढावे म्हणून त्याच्याकडे पोस्टाचे, दस्तनोंदणीचे असे कामही द्यावे, अशीही एक सूचना आहे. जनगणना, मतदार यादी आणि खिचडीचा हिशेब सांभाळणाऱ्या आम्हा शिक्षकांना ती वाचून हसू येते. सरकारने जोतीरावांचे ऐकले ते नेमके इथेच!

सक्ती मात्र आयोगाने मानली नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सर्व संस्थानात ती आणली. गोखल्यांचे 1911 चे विधेयक मंजूर झाले नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात कायदा केला. देशभरचा शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो 1 एप्रिल 2010 रोजी. निवेदनापासून मोजले तर 127 वर्षांहून अधिक काळ गेला.

आता त्यातल्या एका वाक्याविषयी. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची आवड दिसत नाही, त्यांच्या भाषेच्या मोजक्याच शाळा आहेत, असे जोतीरावांनी लिहिले आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ते टोचले. त्यांनी कारण दिलेले नाही, आणि नुसत्या नावडीचे कारण मला पटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मराठी आवडते. घरी कुणी वाचून दाखवणारे नसते, एवढेच. पण राग धरावा असेही त्यात काही नाही. जोतीरावांचे स्वतःचे शिक्षण मध्येच सुटून ते शेतकामाला लागले होते. तेव्हा वडिलांची समजूत घालून त्यांना पुन्हा शाळेत पाठवणाऱ्या दोघांपैकी एक होते गफ्फार बेग मुन्शी. फातिमा शेख यांचे नाव आपल्याकडे निदान निघते तरी, मुन्शींचे तेवढेही निघत नाही. आयोगाने पुढे मुसलमानांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या. त्यांत मुसलमान शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची सोय करावी हीही होती.

2019 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाचा मसुदा आला आणि सरकारने लोकांकडून सूचना मागवल्या. मीही बसलो होतो. उर्दू शाळेला पहिलीपासून मराठीसाठी वेगळा शिक्षक द्यावा, तो का हवा, पाचवीतल्या मुलाचे अडते कुठे, असे फुलस्केपचे दोन कागद भरले. मग वाटले, आपण कोण? मोठमोठे लोक लिहितील, आपले कोण वाचणार? मुदत निघून गेली.

ते दोन कागद अजून माझ्या टाचणवहीत आहेत. यंदा पाचवीत माझ्याकडे एकतीस मुले आली आहेत. त्यांतल्या नऊ जणांना मराठीची जोडाक्षरे वाचता येत नाहीत.