आजोबांचा आगीचा विमा

दिवाळीच्या आवराआवरीत यंदा माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली, आणि तीत आजोबांच्या विम्याचे कागद सापडले. या कागदांचा आमच्या घरात मोठा दबदबा. आजोबांची मांडवीत मिरची-हळदीची लहानशी वखार होती. १४ एप्रिल १९४४ रोजी ती जमीनदोस्त झाली आणि कंपनीने एक छदामही दिला नाही. ‘मेल्यांनी बुडवलं!’ हे आजीचे वाक्य ऐकतच मी वाढलो.

त्या दिवसाची हकीकत जुन्या मुंबईकरांच्या घरोघर सांगितली जाते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज लागले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा, आणि त्याच जहाजात कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्या! युद्धाची घाई माणसाला काय काय एकत्र ठेवायला लावते पाहा. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले दोन तास पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान परतले नाहीत.

आजोबांचे म्हणणे साधे होते : आग लागली नसती तर स्फोट झाला असता का? मग नुकसान आगीनेच झाले! मला लहानपणी हा मुद्दा बिनतोड वाटे. परवा शब्दकोश घेऊन मी ते विमापत्र प्रथमच वाचले. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत आग आणि वीज. पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत अपवाद : युद्ध, परचक्र, दंगल, भूकंप... आणि स्फोट. घरात दिवाबत्तीला वापरायच्या गॅसचा स्फोट तेवढा चालेल! आजोबांच्या भिंती तर जळाल्याच नव्हत्या; हादऱ्याने कोसळल्या होत्या.

हा वाद काही आजोबांनीच काढलेला नाही. १८६५ साली इंग्लंडात एव्हरेट नावाच्या गृहस्थाने लंडन अश्युरन्स कंपनीवर दावा लावला होता. अर्ध्या मैलावरचे दारूचे कोठार आगीने उडाले आणि त्याच्या हादऱ्याने त्याच्या घराची मोडतोड झाली. न्यायाधीशांनी ठरवले की, याला व्यवहारात कोणी ‘आगीने झालेले नुकसान’ म्हणत नाही. म्हणजे आजोबांचा खटला त्यांच्या जन्माआधीच निकालात निघाला होता! आजच्या घरविम्यात स्फोट आणि भूकंप दोन्ही धरतात. युद्ध अजून बाहेरच आहे.

कंपनीने बुडवले नव्हते, हे आता आजीला कसे सांगू? ती नाही, आजोबाही नाहीत. मुंबईच्या नुकसानीची जबाबदारी सरकारने स्वीकारली आणि त्याच वर्षी भरपाईचा वटहुकूम काढला. आजोबांनाही रक्कम मिळाली होती. तिच्या पावतीची नक्कल त्याच ट्रंकेत आहे. घरात कोणी तिचा उच्चार केल्याचे मला आठवत नाही. आजोबा म्हणत, ‘ते सरकारनं दिलं. माझे पैसे कंपनीकडेच आहेत.’

विमापत्राला गंजक्या टाचणीने हप्त्यांच्या चार पावत्या लावलेल्या आहेत. शेवटची मार्च १९४४ ची.