कोडी (लिनक्स लॅपटॉपवरील मीडिया सेंटर)

कोडी : चित्रपट, गाणी, छायाचित्रे आणि दूरचित्रवाणी वाहिन्या एकाच पडद्यावर, दुरून रिमोटने चालवता येतील अशा मांडणीत दाखवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमयंत्रासाठी हौशी प्रोग्रॅमरांनी ते लिहायला घेतले. ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ या नावाने त्याची 1.0 ही आवृत्ती जून 2004 मध्ये आली, 2007 पासून ते लिनक्सवर आणण्याचे काम सुरू झाले आणि 2014 मध्ये त्याचे नाव कोडी झाले. ते जीपीएल परवान्याखाली मिळते. त्याच्यासोबत एकही चित्रपट किंवा गाणे येत नाही; कपाट रिकामे मिळते, भरायचे आपण. ग्रामीण महाराष्ट्रातील घरांसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

उदाहरणार्थ, अवसरी खुर्द (ता. आंबेगाव, जि. पुणे) हे मंचरजवळचे गाव घ्या. शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय 2009 मध्ये येथे सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्याचा पदवी झाल्यावर बाजूला पडलेला जुना लॅपटॉप कोडीसाठी पुरेसा असतो, आणि बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरही कार्यक्रम अर्ध्यात तुटत नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. या पट्ट्यात वगाच्या (तमाशातील नाट्याच्या) कॅसेट, भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण, लग्नाच्या सीड्या असे जे जुन्या पेट्यांत पडून असते, त्याची नोंद ऑनलाइन सूचींत सहसा सापडत नाही. ती घरातल्यांनीच लिहायची असते, आणि कोडीत तशी सोय आहे.

उभारणी सोपी आहे. उबंटू, मिंट किंवा डेबियनवर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून कोडी घेता येते. अधिक नवी आवृत्ती हवी असल्यास फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतून घ्यावी. लिनक्सच नवे असणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ उपयोगी पडतात. लॅपटॉप फक्त टीव्हीसाठीच ठेवायचा असेल तर लिब्रेइलेक ही केवळ कोडीपुरती बांधलेली लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून बसवता येते. चित्र अडखळत असल्यास प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हीए-एपीआय हार्डवेअर प्रवेग चालू आहे का ते पाहावे. इंटेलच्या 2015 च्या स्कायलेक पिढीपासून एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारातील फाइल उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिप करते; त्याआधीच्या लॅपटॉपवर जुन्या एच-264 प्रकारातील फाइलच ठेवलेल्या बऱ्या. एचडीएमआय केबल लावूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर सिस्टिम सेटिंगमधील ऑडिओ विभागात आउटपुट बदलावे.

कॅसेट उतरवताना लॅपटॉपच्या माइकच्या भोकात टेपची वायर खुपसू नये. तो इनपुट माइकच्या क्षीण संकेतासाठी असतो, त्यामुळे आवाज फाटतो. बहुतेक वेळा तो मोनोही असतो. लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण करावे. सीडीच्या दर्जाने एक तास साध्या वेव्ह फाइलमध्ये सुमारे 635 एमबी होतो. फ्लॅक या फाइल प्रकारात गुणवत्ता न गमावता तो बराच आटतो.

खरी मेहनत पुढे असते. कोडी गाण्यांची मांडणी फाइलमधल्या टॅगवरून करते, आणि नाव अक्षरशः जुळले तरच कलाकार एक मानते. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव एका कॅसेटवर पूर्ण, दुसरीवर ‘विठाबाई नारायणगावकर’ असे लिहिले तर पडद्यावर दोन वेगळ्या कलावंत उभ्या राहतात. युनिकोडमुळे आणखी एक पेच पडतो. ‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते किंवा ‘अ’ आणि चंद्र जोडूनही. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. म्हणून घरातील कलाकारांची यादी एकदा पक्की करून प्रत्येक वेळी तिच्यातूनच नाव उचलावे. एका गाण्याचे दोन गायक असल्यास मध्ये मोकळ्या जागेसह तिरकी रेघ द्यावी. टॅग भरण्यासाठी पिकार्ड हे साधन चांगले.

चित्रपटांची माहिती कोडी ऑनलाइन सूचीतून आणते. त्यासाठी फाइलच्या नावात वर्ष लिहिण्याची सवय लावून घ्यावी, नाहीतर आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या ‘श्यामची आई’ला 2023 च्या चित्रपटाचे पोस्टर चिकटू शकते. गावच्या जत्रेतला वग किंवा सप्ताहातले कीर्तन यांसाठी मात्र स्वतंत्र फोल्डर करून ‘लोकल इन्फर्मेशन ओन्ली’ हा पर्याय निवडावा आणि चित्रफितीशेजारी तिच्याच नावाची एनएफओ फाइल ठेवावी. ही एक्सएमएल खुणांत लिहिलेली साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात शीर्षक, वर्ष, प्रकार, कलाकार आणि कथासार एवढे लिहिले की पुरते. प्रकारात ‘वग’ लिहिले, तर त्या प्रकारची स्मार्ट प्लेलिस्ट करता येते आणि नवी चित्रफीत नोंदली की ती आपोआप यादीत येते. कोणत्या साली, कोणाच्या फडात, ढोलकीवर कोण होते, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ही माहिती लिहून घेणे अत्यावश्यक आहे.

रूपाबाबत, 2017 पासूनची मूळ स्किन एस्च्युअरी ही शांत आणि वेगवान आहे. जुन्या लॅपटॉपवर तीच राहू द्यावी. नको असलेले विभाग मुख्य यादीतून लपवता येतात. देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट ‘एरियल बेस्ड’ करावा. रिमोट म्हणून कोअर हे अँड्रॉइड ॲप वापरता येते. त्यासाठी सर्व्हिसेस विभागात एचटीटीपी नियंत्रण सुरू करून पासवर्ड ठेवावा. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग आधीच करून घ्यावी.

उपग्रह वाहिन्या पकडणारा यूएसबी डीव्हीबी-एस2 ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने डीडी फ्री डिशवरील सह्याद्री वाहिनीही कोडीत पाहता येते, इंटरनेटशिवाय. अनोळखी ॲड-ऑन टाकून चोरीचे चित्रपट पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांतून संगणकाला धोका असतो आणि कलावंताचा पैसा बुडतो.

कोडीचे सर्व बदल होम फोल्डरमधील ‘.kodi’ या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबल्यावर तो दिसतो. फ्लॅटपॅकच्या बाबतीत जागा वेगळी असते. एनएफओ न लिहिता थेट कोडीत केलेल्या नोंदी डेटाबेसमध्येच अडकतात, म्हणून ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’मधून त्या स्वतंत्र फाइलींत उतरवाव्यात. मग हार्डडिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी कलाकारांची नावे आणि कथासार चित्रफितींबरोबरच जातात.