कुड्याची साल : पांढरा कोण, काळा कोण?



धामापूरला पहिला पाऊस झाला की घरात कुणाचं तरी पोट बिघडायचंच. कुटजारिष्ट आंबवलेलं, म्हणून ते आमच्याकडे चालत नसे. सासूबाई पांढऱ्या कुड्याच्या सालीचा कडूजहर काढा करायच्या. साल काढताना झाडाला वेढा पडेल असं सोलू द्यायच्या नाहीत. एकच पट्टी घ्यायची, झाड जगलं पाहिजे.

या सालीची परीक्षा फार जुनी आहे. आपला तलाव १५३० साली नागेश देसाईंनी बांधला. चारच वर्षांनी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या पुस्तकात हगवणीवरच्या एका मलबारी झाडाची माहिती आहे. ते झाड कुडाच, असं जाणकार मानतात.

पुढे ही साल 'कोनेसी' नावाने युरोपात गेली, पण तिथे तिची पत गेली. दोष सालीचा नव्हता. पांढऱ्याच्या जागी काळ्या कुड्याची साल खपत होती आणि तिला तो गुणच नाही! मी बी.कॉम. झालेली, मला हे चुकीच्या खात्यावर नोंद पडल्यासारखं वाटतं. रक्कम खरी, खातं भलतंच.

मग रसायनशास्त्र आलं. १८५८ साली मुंबईत डॉ. हेन्स यांनी पांढऱ्या कुड्याच्या सालीतून कोनेसीन वेगळं काढलं. १९२० नंतरच्या दशकात कलकत्त्याला डॉ. रामनाथ चोप्रा यांनी आव पडणाऱ्या रोग्यांवर कुडा तपासला. अमिबामुळे होणाऱ्या आवेवर त्याचा गुण दिसला. पण सगळेच जुलाब अमिबाचे नसतात. शिवाय शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेत दिलं की चक्कर येई, झोप उडे. म्हणजे सासूबाईंचा काढा खोटा नव्हता, पण सगळ्या पोटदुखीवरचा तोडगाही नव्हता.

म्हणून आता नातवाला जुलाब झाले की मी आधी मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजते. रक्त पडलं किंवा मूल मलूल झालं तर थेट डॉक्टर.

कुडा मात्र त्याला ओळखता यायला हवा. दोन्ही झाडांना पांढरी फुलं, दोन्हींना जोडीच्या लांब शेंगा. पांढऱ्याच्या शेंगा टोकाला सुट्या असतात, काळ्याच्या जुळलेल्या. पांढऱ्याचं बी कडू इंद्रजव, काळ्याचं गोडे. तलावाकडे फिरायला गेलो की मी त्याला आधी शेंगांची टोकं बघायला लावते.