मेंढरांची वाट

स्पेनच्या नैर्ऋत्येस मेरिदा हे गाव इ.स.पू. २५ मध्ये ऑगस्टस बादशहाने निवृत्त शिपायांसाठी वसविले. तेथला सुमारे ६० कमानींचा रोमन पूल पाहून आम्ही सायकली उत्तरेकडे वळविल्या. या वाटेला 'रुपेरी वाट' म्हणतात. पण चांदीशी तिचा संबंध नाही. फरसबंद रस्ता अशा अर्थाच्या अरबी 'बलात' शब्दाचा हा अपभ्रंश, असे पुष्कळ पंडित मानतात.

वाट बांधली रोमनांनी खरी, पण जगविली मेंढरांनी! उन्हाळा उत्तरेच्या डोंगरांत, हिवाळा एक्स्त्रेमादुराच्या कुरणांत, अशी मेरिनो कळपांची शतकानुशतके ये-जा. १२७३ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या 'मेस्ता' संघाला सनद दिली. थोरल्या वाटांची रुंदी सुमारे ७५ मीटर ठरली. तीत नांगर घालणाऱ्याला दंड! लोकरीवर राजाचा खजिना भरे, मग शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? मला तर त्या बापड्याचीही बाजू खरी वाटते.

१८३६ साली मेस्ता मोडली. मग शेतांनी अनेक ठिकाणी वाट गिळली. आमच्या सायकलींना तर जागोजागी जेमतेम पाऊलवाट उरलेली. १९९५ च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालकीच्या असल्याचे पक्के केले. पायी चालणारा, घोडेस्वार, सायकलवाला सर्वांना मुभा आहे. मात्र पहिला मान गुरांचा.

काप्पाराच्या ओसाड रोमन नगरात चहूबाजूंनी खुली कमान उभी आहे. तिच्या अलीकडेच समोरून कळप आला. आम्ही मुकाट्याने खाली उतरून कडेला झालो.