अल्बर्टाच्या टेकड्या, गुरं आणि काचेच्या प्लेट्स

जुनी टोपोशीट हाती आली की आपण लगेच जिओरेफरन्सिंगला बसतो. मीही तेच करायचो. ती मुळात कशासाठी काढली होती, हे आधी बघायची सवय मला कॅनडातल्या अल्बर्टाच्या नकाशांनी लावली.

रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला गवताळ टेकड्यांचा पट्टा आहे. 1877 च्या सातव्या तहानंतर सरकारच्या लेखी ही जमीन ब्लॅकफूट, स्टोनी वगैरे मूळ लोकांची उरली नाही. 1881 पासून गुरं पाळणाऱ्यांना एक लाख एकरांपर्यंतची कुरणं 21 वर्षांच्या पट्ट्याने मिळू लागली. भाडं एकरी वर्षाला एक सेंट! जमिनीची मोजणी होती, पण चौकटींची: सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन. सपाट प्रेअरीवर हे ठीक. टेकड्यांत ओढा कुठून येतो, पाणी कुठे अडवता येईल, हे चौकटीत दिसत नाही. आणि पाण्याशिवाय कुरण काय कामाचं? 1894 मध्ये सिंचन कायदा आला आणि उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशांची निकड वाढली.

सर्व्हेयर जनरल देव्हिल यांनी यासाठी कॅमेरा वापरला. माथ्यावर थिओडोलाइटने जागा पक्की करायची, कॅमेरा समपातळीत ठेवून चहूबाजूंचे फोटो काचेच्या प्लेटवर घ्यायचे. एकच बिंदू दोन माथ्यांवरून दिसला की कागदावर दोन रेषा छेदतात आणि जागा मिळते. क्षितिजरेषेपासून तो किती वर-खाली आहे, यावरून समरूप त्रिकोणांनी उंची. उन्हाळा छोटा, म्हणून डोंगरात फक्त फोटो. आकडेमोड हिवाळ्यात ऑफिसात. आर्थर व्हीलर यांनी 1895 पासून या टेकड्यांत असंच काम केलं.

नकाशात उतरले ते कामाचे बिंदू. झाडं, गवत, जळालेले उतार प्लेटवरच राहिले. आता माउंटन लेगसी प्रोजेक्टवाले त्याच माथ्यांवर चढून तेच फोटो पुन्हा घेतात. अनेक उतारांवर गवताच्या जागी दाट जंगल दिसतं. वणवे विझवले गेले, मूळ लोकांचं गवत जाळणं थांबवलं गेलं, ही त्याची मोठी कारणं.

पण इथेच घसरायला होतं. 1895 च्या फोटोला ‘मूळ स्थिती’ म्हणून बेसलाइन धरायचा मोह होतो. तोपर्यंत बायसन संपले होते, गुरं येऊन दशक उलटलं होतं. शिवाय कॅमेरा कायम माथ्यावर. कड्याआडची दरी, जिथे गुरं पाण्याला उतरायची, ती बऱ्याच फोटोंत येतच नाही.