सात जणींनी मालकी कशी वाटून घेतली



गावोगावच्या बैठकांना गेलो की बचत गटाच्या अध्यक्षा आम्हा समन्वयक बायांना एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, सुरुवातीला सगळ्या हौसेनं येतात, मग एकेक गळते. बायकांचा उत्साह टिकवायचा कसा?" यावर भाषणं पुष्कळ होतात. आज आपण त्याऐवजी जुना दाखला बघू.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. शिक्षण बेताचं, भांडवल नाही. छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं भरली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. आपल्या घरोघरी पोचलेल्या लिज्जत पापडाची ही सुरुवात.

पहिल्यापासून त्यांनी ठरवलं, की तोटा झाला तरी देणगी किंवा मदत मागायची नाही. उसने घेतले ते फेडायचे. आधी दोन प्रतीचे पापड करून त्यांतला हलका स्वस्तात विकायचा त्यांचा विचार होता. पारेखांना सगळे छगनबाप्पा म्हणत. त्यांनी सल्ला दिला, की पापड एकाच चांगल्या प्रतीचा करा, दर्जाशी तडजोड नको आणि हिशेब चोख ठेवा. बायकांनी तो मानला.

तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस जणी झाल्या. मग पावसाळा आला. पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. हातातलं काम असं सुटलं की गट मोडायला वेळ लागत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसातही काम चालू राहिलं. बायकांना धीर द्यायचा तो असा, अडचण दूर करून.

संस्था वाढली तशी कामाची रीत बसली. बहिणींनी सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यायचे आणि वजनावर लाटणावळ घ्यायची. लहान मूल, म्हातारी सासू यांमुळे जिला घर सोडता येत नव्हतं, तिलाही त्यामुळे कमाई करता आली.

सगळ्यात मोठी गोष्ट मालकीची. तिथे काम करणारी प्रत्येक बाई सभासद, म्हणजे मालकीण. एकमेकींना हाक 'बहेन' म्हणून. नफा वाटायचा तो सगळ्यांत, तोटा आला तर तोही सगळ्यांनी सोसायचा. केंद्र सांभाळणारी संचालिकाही लाटणाऱ्या बहिणींतूनच वर आलेली. पोळपाटावर हात दुखतात म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नाही. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. पुढे देशभर शाखा निघाल्या आणि हजारो बायका सभासद झाल्या. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली.

आता आपल्या गटांकडे वळू. आपले गट लहान आहेत, आपली बाजारपेठ वेगळी आहे. सगळंच जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण काही गोष्टी उद्यापासून करता येतील. हिशेबाची वही एकीच्याच घरात बंद राहू नये. दर बैठकीत ती मोठ्यानं वाचावी. जिला वाचता येत नाही, तिलाही आपली बचत किती आणि आपलं कर्ज किती फिटलं, हे कानांनी कळावं. मालाचा दर सगळ्यांनी मिळून ठरवावा. कामाचे पैसे ठरल्या दिवशी हातात पडावेत. अध्यक्षपद आळीपाळीनं फिरावं, म्हणजे प्रत्येकीला जबाबदारीचं वजन कळेल. आणि पावसाळ्यात काय करायचं, ते उन्हाळ्यातच बोलून घ्यावं.

बाई गळते तेव्हा 'तिला गरजच नाही' असं आपण चटकन म्हणतो. बहुतेक वेळा या धंद्यात आपला वाटा कुठे आहे, तेच तिला दिसलेलं नसतं. पुढच्या बैठकीत वही उघडून तो तिला दाखवूया.